पाच टनांचे एक यंत्र घ्यावे की दोन टनांची दोन?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीत आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयाची नवी इमारत पूर्ण होत आली आहे. सर्व्हर रूम वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली आहे. ती १२ बाय १५ फुटांची आणि १० फूट उंच असून तिची एक भिंत पश्चिमेला येते. सर्व्हरचे दोन रॅक आणि १० केव्हीएचा यूपीएस बॅटऱ्यांसह तिथे हलवायचा आहे. दिवसा यूपीएसच्या पडद्यावर ४.२ किलोवॅटच्या आसपास भार दिसतो. सध्याच्या खोलीत तीन वर्षांपूर्वी घेतलेले दोन टनांचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट एसी आम्ही आळीपाळीने चालवतो. मात्र एप्रिल उजाडला की दुपारी एक एसी पुरत नाही आणि सर्व्हरचे अलार्म वाजू लागतात. एका पुरवठादाराने पाच टनांचा एक प्रिसिजन एसी (खास सर्व्हर रूमसाठी बनवलेला एसी) सुचवला आहे, पण त्याची किंमत पाहून संचालक मंडळ दचकले आहे. कार्यालयाच्या सेंट्रल एसीमधून एक डक्ट काढून देतो, असे इमारतीचा कंत्राटदार म्हणतो. एका संचालकांच्या मते जुनेच एसी १८ अंशांवर ठेवले की पुरे, तर दुसऱ्यांच्या मते मोठा कूलर बसवावा. मंडळापुढे मी काय मांडावे?
– संगणक विभागप्रमुख, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्याला चार जणांनी चार सल्ले दिले, पण त्या खोलीत उष्णता किती निर्माण होते हे त्यांपैकी एकानेही विचारलेले दिसत नाही. आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा आकडा आपण स्वतःच, जाता जाता, दिला आहे, आणि तो म्हणजे यूपीएसवरचा ४.२ किलोवॅटचा भार. सर्व्हर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळीच अखेर उष्णता होऊन खोलीत येते. हजार वॅटचा सर्व्हर आणि हजार वॅटची विजेची शेगडी यांत खोलीच्या दृष्टीने काहीही फरक नसतो. त्यामुळे निवडीची सुरुवात या आकड्यापासून करावी आणि यंत्राचे नाव, टन व दर यांकडे नंतर वळावे.

माझे मत आधीच सांगतो. तीन टनांच्या आसपासचा, कमी-जास्त क्षमतेवर चालू शकणारा एक छोटा प्रिसिजन एसी मुख्य यंत्र म्हणून घ्यावा आणि हाताशी असलेले दोन स्प्लिट एसी त्याच खोलीत राखीव म्हणून बसवावेत. पाच टनांचे एकच यंत्र घेऊ नये, सेंट्रल एसीच्या डक्टवर विसंबू नये आणि कूलरचा विषय तिथेच संपवावा. यामागचा हिशोब आपल्याला मंडळापुढे मांडावा लागेल, म्हणून तो सविस्तर देतो.

यूपीएसवरचा भार ४.२ किलोवॅट आहे. हा आकडा केव्हीएमधला (यूपीएसची क्षमता ज्या एककात सांगतात त्यातला) नसून किलोवॅटमधलाच आहे याची खात्री करावी, आणि तो एका दुपारी पाहून न थांबता संध्याकाळी, पिग्मी एजंटांची यंत्रे एकाच वेळी माहिती पाठवतात तेव्हा, तसेच मार्चअखेरीच्या दिवसांतही पाहावा. यूपीएस स्वतः सहा ते आठ टक्के वीज उष्णतेच्या रूपाने गमावतो आणि तो त्याच खोलीत असल्याने ०.३ ते ०.४ किलोवॅट आणखी धरावे लागतात. दिवे आणि अधूनमधून आत येणारी माणसे यांचे ०.२ पुरेत. आपल्याकडची खरी मेख गच्चीत आहे. उन्हात तापणाऱ्या उघड्या स्लॅबखालची सुमारे १७ चौरस मीटरची खोली आणि तिला पश्चिमेची भिंत, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी एकट्या इमारतीतून दीड ते दोन किलोवॅट उष्णता आत झिरपणार. ही सगळी बेरीज साडेसहा किलोवॅटच्या घरात जाते. पुढच्या काही वर्षांतल्या वाढीसाठी संगणकीय भाराच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे एक किलोवॅटची, जागा सोडली तर आपली गरज साडेसात किलोवॅट ठरते.

एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. या हिशोबाने साडेसात किलोवॅटला दोन टनांहून थोडे अधिक लागते, आणि दोन टनांचा एक एसी जवळजवळ पुरेल असे कोणालाही वाटेल. आपल्या जुन्या खोलीतही हाच समज झाला असावा. घरगुती एसीचे काम माणसांसाठी असते. माणसांच्या घामाने आणि श्वासाने हवेत आलेला ओलावा काढण्यात त्याच्या ताकदीचा साधारण चौथा हिस्सा खर्ची पडतो, आणि हवा थंड करायला उरलेलीच ताकद मिळते. सर्व्हरला घाम येत नाही. त्याला फक्त हवेचे तापमान उतरवणारी ताकद हवी असते. शिवाय खोलीच्या एसीवर छापलेली क्षमता बाहेर ३५ आणि आत २७ अंश तापमान धरून मोजलेली असते. सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ अंश ही नित्याची गोष्ट आहे, आणि गच्चीवर तापलेल्या स्लॅबजवळची हवा त्याहूनही गरम असते. हे सगळे वजा केले की आपल्या सात किलोवॅटच्या स्प्लिट एसीकडून भर दुपारी प्रत्यक्षात साडेचार ते पाच किलोवॅटच मिळतात. बंद खोलीतला ओलावा एकदा निघून गेला की हे प्रमाण थोडे सुधारते, हे खरे. पण त्या भरवशावर खरेदी करू नये. एप्रिलच्या दुपारी एक एसी पुरत नाही, याचे कारण यंत्राचा बिघाड नसून हा हिशोब आहे.

यातून दोन टनांच्या दोन यंत्रांचा प्रश्नही सुटतो. आळीपाळीने चालवली तर उन्हाळ्यात एक पुरत नाही. दोन्ही एकदम चालवली तर पुरतात, पण मग राखीव काहीच उरत नाही, आणि ज्या दिवशी एक बिघडेल तो दिवस डिसेंबरातला असण्यापेक्षा मे महिन्यातला असण्याचीच शक्यता अधिक, कारण यंत्रावर ताण तेव्हाच येतो. उलट मुख्य यंत्र एकट्याने साडेसात किलोवॅट पेलणारे असेल, तर दोन्ही स्प्लिट मिळून नऊ ते दहा किलोवॅटची राखीव फळी तयार होते. म्हणजे कोणतीही एक बाजू पूर्ण बंद पडली तरी दुसरी बाजू भर उन्हाळ्यात सगळा भार उचलू शकते. मंडळाला एकच वाक्य सांगायचे झाले तर हे सांगावे, आणि त्यासाठी नवे यंत्र एकच घ्यावे लागते हेही जोडीला सांगावे.

पाच टनांच्या प्रिसिजन एसीबद्दल माझा पहिला आक्षेप किमतीचा नाही. ते यंत्र कितीही चांगले असले तरी एक कॉम्प्रेसर जळणे, एक नियंत्रक बंद पडणे किंवा वायूची एक गळती होणे एवढ्यानेच संपूर्ण खोली उघडी पडते. ‘प्रिसिजन’ म्हणून ते बिघाडातून सुटत नाही. दुसरा आक्षेप आकाराचा आहे. साडेसतरा किलोवॅटच्या यंत्राला आपल्याकडे हिवाळ्यातल्या रात्री जेमतेम साडेचार-पाच किलोवॅटचे काम मिळेल. कॉम्प्रेसर एकाच वेगाचा असेल तर तो सतत सुरू-बंद होत राहील, खोलीचे तापमान वरखाली होईल आणि कॉम्प्रेसरचे आयुष्यही घटेल. पुरवठादाराने ‘पुढे वाढ झाली तर’ असे म्हटले असेल, तर त्याला उलट प्रश्न विचारावा की आमचा भार जवळपास तिप्पट होणार, हे त्याने कशावरून ठरवले. अनेक संस्था जुने सर्व्हर बदलताना आभासी सर्व्हरकडे (एकाच यंत्रावर अनेक सर्व्हर चालवण्याकडे) वळतात आणि त्यांचा भार वाढण्याऐवजी कमीच होतो.

मग प्रिसिजन घ्यायचाच कशाला, सरळ तिसरा स्प्लिट का घेऊ नये, असा प्रश्न मंडळात येईल आणि तो रास्त आहे. तीन स्प्लिट, त्यांतले दोन चालू आणि एक राखीव, त्यांना आळीपाळीने चालवणारा एक सिक्वेन्सर, ही व्यवस्था वाईट नाही. पैशांची चणचण असेल तर ती निःसंकोच निवडावी. फरक कामाच्या तासांत आहे. वर्षाचे तास ८,७६० असतात आणि सर्व्हर रूमचा एसी त्यांतला एकही तास सुट्टी घेत नाही. घरगुती एसीवरच्या ताऱ्यांचा हिशोब मात्र वर्षाला १,६०० तास वापर धरून केलेला असतो. याचा अर्थ तो यंत्रप्रकार वाईट आहे असा नसून, त्याची रचना, पंख्याची मोटर आणि हमीच्या अटी वेगळ्या वापरासाठी ठरलेल्या आहेत एवढाच. ‘व्यावसायिक वापर’ हे शब्द हमीपत्रात कुठे आणि कसे येतात ते आपल्या जुन्या यंत्रांच्या कागदांत एकदा वाचून पाहावे. प्रिसिजन यंत्र अखंड चालण्यासाठीच बनवलेले असते, आपल्या ताकदीचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग हवा थंड करण्यावर खर्च करते आणि त्याच टनांत घरगुती एसीपेक्षा बरीच अधिक हवा खेळवते. हा शेवटचा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. सर्व्हरमधून जाताना हवा ११-१२ अंशांनी तापते असे धरले, तर प्रत्येक किलोवॅटमागे मिनिटाला सुमारे १६० घनफूट हवा लागते. खोलीत थंडावा आहे पण सर्व्हर तापलेला आहे, ही तक्रार बहुतेक वेळा हवेच्या कमतरतेची असते.

कूलरबद्दल फार लिहीत नाही. तो खोलीत पाण्याची वाफ आणि बाहेरची धूळ दोन्ही आणतो, आणि आपल्या शेजारी यंत्रमाग आहेत. कंत्राटदाराच्या डक्टचा प्रस्ताव दिसायला स्वस्त आहे, पण कार्यालयाचे सेंट्रल यंत्र संध्याकाळी सहाला बंद होते, रविवारी बंद असते आणि दिवाळीत सलग चार दिवस बंद राहते, तर व्याजाची आकारणी आणि बॅकअप नेमके त्याच वेळात चालतात. दोन रॅकसाठी संपूर्ण इमारतीचे यंत्र रात्रभर चालवणे हा शुद्ध अपव्यय आहे. त्याखेरीज, इमारतीत कुठेही आग लागली तर डक्टमधून धूर थेट सर्व्हर रूममध्ये येतो. खोलीला डक्टचे भोक ठेवलेच असेल तर ते अग्निरोधक साहित्याने बुजवून घ्यावे.

आता १८ अंशांचा आग्रह. ॲश्रे या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंशांचा पट्टा सुचवलेला आहे. त्याआधी, २००४ मध्ये, तो २० ते २५ अंशांचा होता. म्हणजे अनुभवाने मर्यादा सैल झाली, कडक नव्हे. या पट्ट्यात मोजायचे तापमान खोलीच्या मध्यावरचे नसते, दारावरच्या घड्याळातलेही नसते. रॅकच्या पुढच्या बाजूला, सर्व्हर ज्या जाळीतून हवा ओढतो तिथले असते. रिमोटवर १८ केल्याने एसी अधिक ताकदवान होत नाही. भार त्याच्या आवाक्याबाहेर असेल तर तो १८ पर्यंत पोहोचतच नाही आणि कॉम्प्रेसर क्षणभरही थांबत नाही. भार आवाक्यात असेल तर कॉइलवर बर्फ धरण्याची आणि पाणी ठिबकण्याची शक्यता वाढते आणि विजेचे बिल फुगते. १ जानेवारी २०२० पासून देशात स्टार लेबलच्या घरगुती एसींचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक आहे. योगायोगाने तोच आकडा आपल्या सर्व्हरनाही मानवतो. मुख्य यंत्र असे लावावे की रॅकच्या तोंडाशी २२ ते २४ अंश राहतील, आणि राखीव स्प्लिट तिथले तापमान २७ च्या वर गेले तरच आपोआप सुरू व्हावेत. दोन्ही एकाच तापमानावर लावले तर ती यंत्रे एकमेकांशी भांडत बसतात.

सर्व्हरपेक्षा बॅटऱ्यांची प्रकृती अधिक नाजूक असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. यूपीएसमधल्या सीलबंद शिशाच्या बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंशांवर ठरवलेले असते आणि तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढले की ते जवळपास निम्मे होते. म्हणून बॅटऱ्यांची मांडणी रॅकच्या मागे, गरम हवेच्या झोतात, कदापि करू नये. शक्य असेल तर त्या थंड बाजूच्या भिंतीलगत ठेवाव्यात. त्या गच्चीच्या जिन्याखाली हलवाव्यात असे कोणी सुचवले, तर आधी तिथे मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता तापमापक ठेवून पाहावा.

यंत्र ठरल्यावर रॅक कसे उभे राहणार हे पाहावे लागेल. सर्व्हर पुढून थंड हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो. दोन रॅक वर्गातल्या बाकांसारखे एकामागे एक लावले, तर पुढच्या रॅकची पाठ मागच्याच्या तोंडावर गरम हवा फेकते, आणि मग कितीही टनांचे यंत्र लावले तरी मागचा रॅक तापतच राहतो. आपल्या १२ बाय १५ च्या खोलीत दोन्ही रॅक शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून, खोलीच्या साधारण मध्यावर उभे करावेत, म्हणजे पुढची अर्धी खोली थंड आणि मागची अर्धी गरम अशी आपोआप विभागणी होते. मुख्य यंत्राची थंड हवा पुढच्या अर्ध्या भागात पडावी आणि ते परतीची हवा मागच्या भागातून, शक्यतो वरून, ओढेल अशी जागा त्याला द्यावी. स्प्लिटची आतली युनिटेही थंड भागाकडे तोंड करून लावावीत, मात्र रॅकच्या बरोबर वर कधीही लावू नयेत, कारण निचऱ्याची नळी आज ना उद्या तुंबते आणि पाणी खालीच पडते.

याच ठिकाणी अगदी थोड्या खर्चात मोठा फायदा होतो. रॅकमधल्या रिकाम्या जागा झाकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ब्लँकिंग पॅनल, लावल्या नाहीत तर मागची गरम हवा त्या फटींतून पुढे येऊन पुन्हा सर्व्हरमध्ये शिरते. आपल्या सध्याच्या रॅकपुढे वरच्या, मधल्या आणि खालच्या सर्व्हरच्या तोंडाशी एकेक साधा डिजिटल तापमापक दोरीने बांधून एक दिवस तसाच ठेवावा. वर आणि खाली पाच-सहा अंशांचा फरक आढळला, तर तो एसीचा दोष नसून हवा मागून पुढे फिरत असल्याची खूण आहे. मग जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून तात्पुरते त्या रिकाम्या जागांवर बसवावेत आणि तासाभराने आकडे पुन्हा पाहावेत. मंडळातल्या ज्या सदस्यांना या विषयात रस नाही, त्यांनाही हा फरक पाच मिनिटांत पटतो. पुठ्ठा अर्थातच कायम ठेवू नये, तो जळतो. रॅकचे पुढचे दार काचेचे असेल तर ते काढून जाळीचे बसवावे. काचेच्या दाराआड ठेवलेला सर्व्हर दिमाखदार दिसतो, पण त्याला श्वास घेता येत नाही. आपल्याकडे फॉल्स फ्लोअर (खालून हवा खेळवण्यासाठी उचललेली जमीन) नसेल तर दोन रॅकसाठी मुद्दाम करून घेऊ नये. समोरून किंवा वरून हवा फेकणारे प्रिसिजन यंत्र मिळते.

ओलाव्याविषयी पुरवठादार ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारे उपकरण, जोडून देऊ पाहील. सोलापूरची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते आणि कोरड्या हवेत स्थिर विजेचा धोका असतो, हे त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण ॲश्रेने २०१५ मध्ये कोरडेपणाची खालची मर्यादा बरीच सैल केली आहे, आणि वाफ करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या भांड्यात जड पाण्याचा क्षार झपाट्याने साचतो, त्यामुळे ते भांडे वारंवार बदलावे लागते. दोन रॅकच्या बंद खोलीसाठी मी तो खर्च टाळेन आणि त्याऐवजी चांगले अर्थिंग, रॅकपुढे अँटिस्टॅटिक चटई आणि सर्व्हर उघडताना मनगटपट्टा यांवर भर देईन. खोली मात्र खरोखर बंद हवी: खिडकी विटांनी बुजवलेली, दाराला क्लोजर आणि केबलच्या भोकांना ब्रशची पट्टी.

आता गच्चीकडे वळतो, कारण आपल्या बाबतीत निम्मी लढाई तिथे आहे. पहिले काम यंत्राचे नसून स्लॅबचे आहे. सर्व्हर रूमवरच्या भागात उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग, तसेच पश्चिमेच्या भिंतीला आतून उष्णतारोधक अस्तर, एवढे केले तर इमारतीतून येणारा दीड-दोन किलोवॅटचा भार जवळपास निम्मा होऊ शकतो. यंत्र मोठे घेण्यापेक्षा हा खर्च केव्हाही शहाणपणाचा, कारण त्याला वीज लागत नाही आणि तो बिघडतही नाही. इमारत अजून पूर्ण व्हायची आहे, तेव्हा हे काम आत्ताच अंदाजपत्रकात घालून घ्यावे.

दुसरे काम बाहेरच्या युनिटांच्या जागेचे. तिन्ही युनिटे पश्चिमेच्या कठड्याला लागून एका ओळीत ठेवली आणि एकाचा गरम झोत दुसऱ्याच्या तोंडावर पडला, तर राखीव यंत्रही मुख्य यंत्राच्याच गरम हवेत गुदमरते. लंडनमध्ये १९ जुलै २०२२ रोजी तापमान ४० अंशांच्या वर गेले तेव्हा तिथल्या गाईज अँड सेंट थॉमस रुग्णालयांची दोन्ही डेटा सेंटर शीतकरण कोलमडल्याने बंद पडली आणि डॉक्टरांना कागद-पेनावर काम करावे लागले. त्याच दिवशी गूगलच्या लंडनमधल्या एका केंद्रातही एकमेकांना पर्याय असलेली अनेक शीतकरण यंत्रे एकाच वेळी नापास झाली. एकाच उन्हात, एकाच दुपारी सगळी यंत्रे हार मानणार असतील तर त्यांतल्या एकाला राखीव म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून मुख्य यंत्राचे बाहेरचे युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला, आणि दोन्ही स्प्लिटची बाहेरची युनिटे त्यापासून दूर ठेवावीत. वर पत्र्याचे छप्पर हवे, पण ते पुरेसे उंच असावे; पत्रा युनिटाला चिकटवला तर गरम हवा तिथेच कोंडते.

तिसरे काम सर्वांत दुर्लक्षित आहे. अक्कलकोट रस्त्याच्या परिसरात चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत आणि त्यांतून उडणारे कापसाचे बारीक तंतू हवेत असतात. कंडेन्सरचा, म्हणजे बाहेरच्या युनिटाचा, पंखा ते ओढून घेतो आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवर काही आठवड्यांतच त्यांचा करडा, नमद्यासारखा थर बसतो. हा थर बाहेरून चटकन दिसत नाही. पात्यांवरून बोट फिरवले की गुंडाळी होऊन हातात येतो. असा थर बसलेल्या यंत्राची ताकद घटते, कॉम्प्रेसरचा दाब वाढतो आणि बिल चढते, पण तंत्रज्ञ बहुधा ‘गॅस कमी झाला’ असे निदान करून गॅस भरून जातो. आपल्या एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) तिमाही सेवेऐवजी कंडेन्सर दरमहा, आणि मार्च ते जून या काळात दर पंधरवड्याला, पाण्याने धुण्याची अट लिहून घ्यावी. धुताना पाण्याचा दाब बेताचा असावा, नाहीतर पाती वाकतात. गच्चीवर त्यासाठी एक नळ काढून ठेवावा. नळ नसेल तर धुणे होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

वीज गेल्यावर काय होते याचाही हिशोब मंडळापुढे ठेवावा. सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात, पण एसी यूपीएसवर नसतो आणि नसावाही. आपल्या खोलीत सुमारे ५० घनमीटर हवा आहे. साडेचार-पाच किलोवॅटचा भार केवळ त्या हवेवर पडला, तर ती मिनिटाला पाच अंशांच्या आसपास तापेल. प्रत्यक्षात भिंती, लोखंड आणि रॅक बरीच उष्णता शोषून घेतात, त्यामुळे वेग याहून कमी असतो. तरी दहा-पंधरा मिनिटांत खोली धोक्याच्या पातळीला येऊ शकते. अनेक सर्व्हर आत येणाऱ्या हवेसाठी ३५ अंशांची मर्यादा सांगतात. म्हणजे यूपीएसवर तासाभराचा बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. जनरेटर आपोआप सुरू झाला पाहिजे, तिन्ही एसी जनरेटरच्या वाहिनीवर असले पाहिजेत, आणि वीज परत आल्यावर यंत्र रिमोटची वाट न पाहता स्वतःहून, आधीच्याच तापमानावर, सुरू झाले पाहिजे. कॉम्प्रेसर तीन ते पाच मिनिटे थांबूनच सुरू होतो, हेही त्यात धरावे. जनरेटरची क्षमता ठरवताना दोन्ही स्प्लिट आणि मुख्य यंत्र एकाच क्षणी सुरू होणार नाहीत, अशी वेळेची पायरी ठेवून घ्यावी.

राखीव यंत्रे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, काही तास मुद्दाम चालवावीत आणि त्याची नोंद वहीत करावी. तापमानाचा इशारा देणारे यंत्र स्वतंत्र सिमकार्डावर मोबाइलला फोन किंवा संदेश पाठवणारे असावे. ज्या सर्व्हरवरून इशारा जाणार तोच सर्व्हर तापून बंद पडला तर इशाऱ्याचा उपयोग काय? रॅकच्या तोंडाशी २८ अंशांवर पहिला संदेश, ३२ वर दुसरा, आणि ३५ च्या आधी चाचणीचे व अहवालाचे सर्व्हर आपोआप शिस्तीत बंद व्हावेत, जेणेकरून मुख्य बँकिंग प्रणालीला शिल्लक थंडावा मिळेल. हा क्रम कोणता असावा हे आपणच ठरवून कागदावर लिहून ठेवावे. रात्री दोन वाजता पहारेकऱ्याने फोन केला तर ते ठरवायला वेळ नसतो.

कोटेशन मागवताना टनांवर बोलणेच टाळावे. प्रत्येक पुरवठादाराकडून लेखी एकच आकडा मागावा : बाहेर ४५ अंश आणि परतीची हवा २४ अंश असताना, पंख्याची स्वतःची उष्णता वजा करून, हवा थंड करण्याची निव्वळ क्षमता किती किलोवॅट. आपल्याला तो आकडा ७.५ किंवा त्याहून थोडा अधिक हवा, आणि यंत्र निम्म्या भारावरही अखंड चालले पाहिजे. हा आकडा देण्याची टाळाटाळ करणाऱ्याचे कोटेशन बाजूला ठेवावे. पुढचा प्रश्न सेवेचा. प्रशिक्षित माणूस सोलापुरात आहे की पुण्याहून अडीचशे किलोमीटर प्रवास करून येणार, नियंत्रकाचे कार्ड आणि पंख्याची मोटर कुठल्या गोदामात असते, रविवारी कोण येते, हे नावानिशी लिहून घ्यावे. दूरच्या नामांकित कंपनीपेक्षा जवळ सुटे भाग ठेवणारी कंपनी मी पसंत करेन.

देखभालीतही शिस्त लागते. सिंगापूरमध्ये डीबीएस आणि सिटी या बँकांच्या सेवा १४ ऑक्टोबर २०२३ रोजी कित्येक तास ठप्प झाल्या, त्या शीतकरण यंत्रणेच्या सुधारणेचे काम चालू असताना कंत्राटदाराकडून थंड पाण्याचे व्हॉल्व्ह चुकून बंद झाल्यामुळे; यंत्र त्या दिवशी बिघडले नव्हते. तेव्हा एकाच वेळी दोन्ही बाजूंची सेवा कोणालाही करू देऊ नये, आणि मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात तर धुण्याखेरीज कोणत्याही यंत्राला हात लावू देऊ नये.

खरेदी-आदेशात शेवटची दहा टक्के रक्कम चाचणीनंतर देण्याची अट घालावी. सर्व्हर हलवण्यापूर्वी रिकाम्या खोलीत साडेसहा किलोवॅटचे विजेचे हीटर रॅकच्या जागी लावून, इमारत अद्याप थंड असेल तर त्यात आणखी एक किलोवॅट मिळवून, मुख्य यंत्र दुपारी बारा ते पाच चालवावे. मग ते बंद करून दोन्ही स्प्लिट आपोआप सुरू होतात का आणि तेवढ्याच वेळात रॅकच्या जागेपुढे २७ अंश टिकतात का, ते पाहावे. आणि अखेरीस मुख्य वीजपुरवठा तोडून जनरेटरवर सगळे पुन्हा उभे राहायला किती मिनिटे लागतात ते मोजावे. ही चाचणी एप्रिल किंवा मे महिन्यात घ्यावी. इमारत पावसाळ्यात ताब्यात येणार असेल, तर चाचणीची ही अट आणि राखून ठेवलेली रक्कम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लागू राहील असे आदेशातच नमूद करावे, आणि पुरवठादाराची त्यावर सही घ्यावी.